क्लिकच्या मधला अंधार

बाबांचा पासपोर्ट साइझ फोटो मोठा करून हवा होता, म्हणून मी कॅमेऱ्यांच्या त्या दुकानात शिरले. काउंटरमागचा कॅमेरेवाला फोटो बराच वेळ न्याहाळत राहिला.

"यात मोठं करण्यासारखं काही नाही."

"माझे वडील आहेत ते."

"म्हणूनच सांगतोय. यात ते चोरीच्या मालासकट पकडल्यासारखे दिसतायत."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. डॉक्टर त्याच सकाळी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांवर आले होते. आई अचानक गेली तेव्हा तिचा फोटो आम्ही एका ग्रुप फोटोतून कापून भिंतीवर लावला. तिच्या खांद्यावर कुणा बाईचा हात अजून आहे, मनगटापर्यंत. त्याच्याकडे बघत बाबा परवा म्हणाले होते, "माझा तसला लावू नकोस गं." हे सगळं त्या परक्या माणसाला मी का सांगत बसले, देव जाणे.

"मी घरी येऊन काढतो," तो म्हणाला.

"नको. कुणी आलं की ते नाकातली ऑक्सिजनची नळी काढून बसतात. मग धाप लागते."

"मग तुम्हीच शिका. नीट कॅमेरा घ्या... मी दाखवतो."

अशी मी माझ्या पहिल्या डीएसएलआरच्या मागे लागले. औषधं घेऊन परतताना रोज दुकानात. मी मेगापिक्सेल विचारायची, तो कॅमेरा माझ्या हातात द्यायचा. "आकडे राहू द्या. हातात बसतोय का बघा आधी." एक भलाथोरला उचलला तर मनगटच कुरकुरलं.

"हा नको बाई. बाबांच्या आधी मीच आडवी व्हायची."

"मग मी शिकवू कुणाला?" तो लेन्स पुसत म्हणाला. लेन्स आधीच लख्ख होती.

एकदा त्याने मला व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला सांगितला. "आत आरसा आहे. क्लिक केलं की तो वर जातो आणि तेवढ्यापुरता अंधार होतो. फोटोत जो क्षण येतो ना, तो काढणाऱ्याला दिसतच नाही."

"मग काय उपयोग?"

"म्हणून तर नंतर फोटो बघायचा असतो."

शेवटी मला आवडला तो काउंटरवरचा, गिऱ्हाइकांच्या हातांनी कडा गुळगुळीत झालेला.

"डिस्प्लेचा पीस आहे. नवा मागवतो, थोडं थांबा."

"थांबायला वेळ कुणाकडे आहे?"

त्याने कॅमेऱ्याला लेन्स लावली, पट्टा अडकवला, तो माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "नीट जा... पोहोचलीस की कळव." आजवरचं 'तुम्ही' कुठे गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मला मात्र घरी पोहोचेपर्यंत तेच ऐकू येत होतं.

त्या दुपारी बाबा खिडकीपाशी बसले होते. दाढी स्वतः केली होती, हनुवटीवर कापसाचा बोळा. "नळी राहू दे, तुझ्यापुढे कसली लाज," म्हणाले. "कोण शिकवतोय गं?"

"दुकानातला माणूस."

"नुसता दुकानातला?"

आणि ते खोकला न येता, पोटभर हसले. मी क्लिक करत सुटले. प्रत्येक फोटो क्षणभर स्क्रीनवर यायचा, खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहून. मी कसली बघतेय! माझा डोळा पुन्हा व्ह्यूफाइंडरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

पाहुणे पांगल्यावर मी कॅमेरा दुकानात नेला. "हसरा काढून दे, मोठा." त्याने बाजूचं झाकण उघडलं आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"कार्डच नाहीये यात."

"म्हणजे?"

"डिस्प्लेचे कॅमेरे कार्डाशिवाय चालतील असे लावलेले असतात, गिऱ्हाइकाला क्लिक करून बघता यावं म्हणून. फोटोखाली बारीक अक्षरांत 'कार्ड नाही' येतं तेवढंच. विकताना ती सेटिंग बदलायची, कार्ड घालायचं. मी कधी विसरत नाही..." त्याने झाकण लावलं. "त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होतो."

मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

आईशेजारी तो चोरासारखा फोटोच लागला.

बऱ्याच दिवसांनी तो दारात उभा राहिला. मी आत घेतलं, का ते विचारू नका. त्याने कॅमेऱ्यात कार्ड घातलं आणि खिडकीपाशी, बाबांच्याच खुर्चीत जाऊन बसला.

"काय काय होतं त्या फोटोंत?... मला सांग."

मी सांगितलं. कापसाचा बोळा, नळीवरचा हात, 'नुसता दुकानातला?' सगळं. फक्त ते नेमके क्षण सांगता येईनात. तेव्हा माझ्या डोळ्यापुढे अंधार होता आणि ते दुसऱ्या कुणी पाहिलेच नव्हते. ऐकता ऐकता तो ढसाढसा रडायला लागला.

खिडकीतला उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. मी कॅमेरा उचलला.

"काढ," तो म्हणाला. "असाच काढ. माझी तीच लायकी आहे."

मी डोळा लावला, बटणावर बोट ठेवलं... आणि कॅमेरा मांडीवर ठेवून दिला.

"राग गेलेला नाही माझा," मी म्हणाले. "पण आता मधे तेवढाही अंधार नको. बस तिथेच... मला तुझ्याकडे बघायचंय."