पाण्यातले श्रोते

गणेशगुडीच्या वरच्या डोंगरावर सुदेश भर दुपारी गेला, तो टॉवरच्या खोलीतला बिघडलेला पंखा बदलायला. यंत्रांना गारवा लागतो. माणसांच्या नशिबी मात्र डास. सोबतीला म्हातारा राखणदार लखू होता. पंखा बसवून सुदेश कॉम्प्युटरपुढे बसला खरा, पण जीव घरी अडकला होता. बायकोचे, रक्षिताचे, दिवस भरले होते. धरणाच्या काठावरच्या घरात ती एकटी; कळा सुरू झाल्या म्हणून आई गाडी शोधायला निघाल्याचं मघाशी फोनवर कळलं होतं. आणि त्यानंतर फोन काही केल्या लागेना.

लागणार कसा? त्या टॉवरवरून फोन चालायचे आणि त्याच लहरींवर रेडिओचे कार्यक्रमही जायचे. ऐकणारे वाढले की कॉम्प्युटर आपणहून कार्यक्रमाला जास्त वाटा द्यायचा आणि फोनची उपासमार करायचा. आज जात्यावरच्या ओव्यांचं जुनं रेकॉर्डिंग लागलं होतं, लखूच्या रेडिओवरही तेच. पडद्यावरच्या नकाशात ऐकणाऱ्यांचे ठिपके वाढत चालले होते... सगळे एकाच जागी. एरवी प्रत्येक ठिपक्यापाशी फोनचा नंबर दिसतो. यांच्यापाशी काहीच नव्हतं.

"लखूमामा, हितं कुठलं गाव हाय?"

लखूने वाकून पाहिलं. "गाव व्हतं. आता धरणाचं पाणी हाय. ह्या वव्या तिथल्याच बायकांच्या." मग हळूच म्हणाला, "ऐकू दे त्यास्नी. बंद करू नगंस."

सुदेशच्या अंगावर सरसरून काटा आला. पण बायको तिकडे कळा सोसत असताना भुताखेतांची मर्जी कोण सांभाळत बसणार? त्याने ओव्या बंद केल्या आणि सगळा वाटा फोनला दिला. पडद्यावरचे ठिपके विझायच्या ऐवजी पाण्यातून निघाले आणि काठाकडे सरकले. तेवढ्यात फोन लागला, पण पलीकडून बराच वेळ नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. तो नाव घेत राहिला.

"आवो... झालं," अखेर रक्षिता म्हणाली. ती दमून हसत होती. "पोरगी हाय."

त्याचे डोळे भरून आले. "आई पोचली?"

"न्हाई अजून. पर बायका आल्या की. लई मायेनं केलं समदं. वव्या बंद पडल्या म्हणून आलो म्हणत्यात." ती थांबली. "लुगडी वलीचिंब हाईत त्यांची... पोरीला घिऊन दारात हुभ्या हाईत. गावात दावून आणतो म्हणत्यात..."

"देऊ नगंस. रक्षिता, उठ... घे तिला."

"उठवंना वो मला."

सुदेशने ओव्या पुन्हा लावल्या, सगळा वाटा त्यांना दिला. फोन तुटला. काठावरच्या घरापाशी घोटाळणारे ठिपके थबकले, मागे वळले आणि एकामागून एक पाण्यात शिरले.

त्याने श्वास सोडला. गेल्या होत्या त्या. पण पोरीला ठेवून गेल्या की घेऊन? विचारायचं तर फोन हवा, आणि फोन हवा तर ओव्या बंद करायला हव्यात.

त्याने लखूकडे पाहिलं. लखू भिंतीला टेकून रेडिओकडे कान लावून बसला होता.

जात्याची घरघर चालू होती. ओवी म्हणणारी बाई मध्येच थांबली, आणि त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एक तान्हं मूल रडू लागलं.