गाळण्याची खूण

छापखान्यातून कोशाची प्रुफं आली तेव्हा माई खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक काढत होती. आता कुणाच्याच तोंडी न उरलेल्या जुन्या इंग्रजी शब्दांचा तो कोश होता, तिचा आणि तिच्या दादाचा. अकरा वर्षांपूर्वी दादाची नजर गेली आणि ही धाकटी बहीण त्याचे डोळे झाली. जाडजूड इंग्रजी कोशातून शब्द तिने वाचायचा, मराठी अर्थावरून दोघांनी भांडायचं आणि ठरलेला अर्थ तिने चिठ्ठीवर उतरवायचा. ‘ओव्हरमॉरो’ म्हणजे आपला साधा परवा! इतका कामाचा शब्द इंग्रजांनी हरवलाच कसा, म्हणून दोघं पोट धरून हसले होते. ‘वॅनहोप’ म्हणजे आशा सुटणं. ‘बॅकफ्रेंड’ म्हणजे तोंडावर गोड बोलून मागून गळा कापणारा.

दादा जाऊन महिना झाला होता. माईने पहिलं पान उलटलं. कोशकार म्हणून एकच नाव होतं, दादाचं. प्रस्तावनेत तर लिहिलं होतं, की हे सगळं काम त्याने एकहाती केलं.

माईने तो मजकूर पुन्हा एकदा वाचला. ती प्रस्तावना दादाने वहिनीला सांगून लिहून घेतली होती, म्हणून तिने वहिनीलाच विचारलं. वहिनीने हातातल्या कपड्याची घडी घातली.

“तेच म्हणाले,” ती पुटपुटली, “माईला कळू देऊ नकोस. दोन नावं लोकांच्या लक्षात राहत नाहीत.”

माई प्रुफांकडे परतली. तिने पेन्सिल उचलली आणि दादाच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

सकाळी पाहते तर नावावर काट मारलेली. समासात मजकूर गाळण्याची खूण. काटेची रेघ नावावरून घसरत पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, न बघता ओढल्यासारखी. वहिनीने कानांवर हात ठेवले. तिला तर ती खूण ठाऊकही नव्हती.

माईने काट खोडून नाव पुन्हा लिहिलं आणि पाणी प्यायला आत गेली. घोटभर पाण्याला लागतो तेवढाच वेळ. परतली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, पण नावावर पुन्हा काट मारताना कागद फाटला होता. आणि वास... दादाच्या डोळ्यांत ती रोज घालायची त्या औषधाचा.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “अकरा वर्षं रे...”

दादाची रिकामी खुर्ची जराशी करकरली. बस्स, तेवढंच.

माईला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. जिवंतपणी फसवलंस ते फसवलंस, मेल्यावरही पाठ सोडत नाहीस? तिने कोऱ्या कागदावर शाईने दोन्ही नावं लिहिली आणि भर दुपारी स्वतः छापखाना गाठला.

फोरमन जुना माणूस, माईला ओळखणारा. कागद बघून तो गोंधळला.

“पण माई, नाव नको, असं तुम्हीच सांगून गेलात ना?”

“मी? कधी?”

“आत्ता, दहा मिनिटं झाली असतील. हेच कपडे होते. राहिलेला एक शब्दही देऊन गेलात.”

त्याने टेबलावरची चिठ्ठी पुढे केली. अक्षर माईचंच होतं. वेलांटीचा तो तिरपा फाटासुद्धा. पण हा शब्द तिने उभ्या आयुष्यात लिहिला नव्हता.

फेच : जिवंत माणसाची हुबेहूब आकृती. ती दिसली की त्या माणसाचे दिवस भरले असे मानत.

माईने चिठ्ठी उचलली. तिच्या अंगठ्याला शाई लागली. ती अजून ओली होती.