टाकीघरातला पंखा

इंग्लंडात, ब्रॅकनेलला अलकाताईंकडे जेवणं आटोपली. मोठी माणसं आत गप्पांत रंगली आणि श्रीनिवासकाकांनी शिल्पा-जयंतसमोर खुर्ची ओढली.

"पद्माकर माझा रूममेट. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती, म्हणून सांगतो."

बेसिंगस्टोकच्या बाहेर व्हिस्की बाटल्यांत भरायची एक फॅक्टरी होती. पद्माकर तिथे रात्रपाळीचा सुपरवायझर. टाकीघरात अल्कोहोलची वाफ सुटते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे घोट्यांपाशी साचते. एक ठिणगी पुरते. म्हणून वाफ ओढून घेणारा भलामोठा पंखा दिवसरात्र चालू. लायटर गेटवर जमा. टॉर्चसुद्धा खास, सीलबंद, गेटवर सही करून घ्यायचा.

पण तीन आठवडे रोज रात्री दोन दहाला पंख्याचा आवाज थांबायचा. वाफ मोजणाऱ्या मीटरचा काटा चढायचा. चार मिनिटांनी आवाज पुन्हा सुरू.

मॅनेजरने बजावलं, "पंखा कोण बंद करतंय ते शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर तू घरी."

पद्माकरचा संशय गेटवरच्या मनाशेअंकलवर. मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, साठीचे, बोलायला गोड. पंख्याचं बटन त्यांच्याच केबिनमध्ये. पंखा बंद करून म्हातारा आत जाऊन चोरून बाटली भरतो, हे याने ठरवूनच टाकलं.

बारा नोव्हेंबर सत्त्याऐंशी, गुरुवार. पावणेदोनला तो गेटवरून निघाला.

"काय रे पद्माकर, टॉर्च नको आज?"

"नको अंकल. कॅन्टीनला चाललोय."

"मग तोंड का असं चोरासारखं?" म्हणत त्यांनी थर्मास उघडला.

सही केली असती तर म्हातारा सावध झाला असता. म्हणून याच्या कोटात घरचा साधा टॉर्च!

"काका, वेडा होता का तो?" शिल्पा म्हणाली.

"संशयाने पछाडलेला होता. एकच ते."

टाकीघराचे दिवे बाहेरूनच मालवून पद्माकर आत टाकीमागे उभा राहिला. पंखा घुमत होता.

दोन वाजून दहा.

आवाज थांबला.

गोडसर वास. घोट्यांना गार लागलं... मग गुडघ्यांना.

शेजारी कोणीतरी होतं.

सापडला चोर! त्याने टॉर्च काढला. अंगठा बटनावर.

"लीव्ह इट, सन."

अगदी कानापाशी.

"अंकल...? नाटकं पुरेत."

त्याने मान वळवली.

दाराच्या काचेतून गेट दिसत होतं. केबिनच्या उजेडात मनाशेअंकल... चहा ओतत होते.

मग हे...?

अंगठा उचलला. हळूच.

आवाज सुरू झाला. लांब. ओढलेला. पद्माकरचे केस पंख्याच्या जाळीकडे ओढले जाऊ लागले...

तो पळत सुटला.

सकाळी मेकॅनिकने पंख्याची पेटी उघडली. पट्टा तुटून खाली पडलेला, त्यावर धुळीचा थर. तीन आठवडे पंखा फिरलाच नव्हता. आता न फिरणारा पंखा बंद केल्याचा ठपका ठेवायचा कोणावर? पद्माकरची नोकरी राहिली. तो माफी मागायला गेला, तर मनाशेअंकलनी चहाचा कप पुढे केला.

"मग तीन आठवडे वाफ कोण ओढत होतं, काका?" जयंतने विचारलं.

"ती चार मिनिटं कशाची, ते विचार. दम घ्यावाच लागतो ना रे... कोणालाही."

काकांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"जाळी काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूच्या काळ्या वंगणात दोन तळहात उमटले होते. जाळी घट्ट धरल्यासारखे. आणि आत... माणूस सोड, वीतभरसुद्धा जागा नव्हती."