खांद्यावर धरलेलं बाळ

संकेत, तो मोबाइल उलटा ठेव. आणि प्रज्ञा, तू शाल घे, गच्चीवर गारठा आहे. भुतांवर माझा विश्वास आहे का, ते मला विचारू नका. गंधारने जे सांगितलं तेच मी सांगतो. गंधार आमच्या विमा ऑफिसातला, कराडकडचा. बदली होऊन जयपूरला आला आणि प्रताप नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोरगा कामसू, पण जिभेला हाड नाही.

गेल्या भोगीची रात्र, तेरा जानेवारी. गंधार औषधाच्या दुकानात निघाला होता. बाळ महिन्याभराचं झालेलं. थंडीने त्याचं नाक चोंदायचं, श्वास घेताना घुर्र घुर्र आवाज यायचा, आणि प्यायलेलं दूध अर्धं बाहेर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, घाबरू नका, तान्ह्या बाळांचं असं होतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, दूध पाजलं की थोडा वेळ उभं धरा, मग पाठीवर निजवा. आणि घरात धूर नको.

या धुरानेच सगळा घोळ केला होता. गंधारची सासू मीराबाई, लेकीच्या, तनयाच्या, बाळंतपणाला कराडहून आलेल्या. आपल्याकडे बाळाची अंघोळ झाली की ओवा-वावडिंगाची धुरी देतात, तशी त्या द्यायच्या. गावाकडे मोकळ्या पडवीत चालून जात असेल, पण इथे हिवाळ्यात, खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये? बाळ खोकायला लागलं. गंधारचं म्हणणं बरोबरच होतं. पण ते त्याने काढलं कधी, तर बारशाच्या दिवशी, आम्हा ऑफिसच्या सगळ्या लोकांसमोर.

"तुमच्या अडाणीपणापायी माझं पोर गुदमरेल," म्हणाला.

आमच्या हातातले पेढे हातातच राहिले. मीराबाई उठल्या. शेगडी बाल्कनीत नेली, पाणी ओतून विझवली आणि दुसऱ्या दिवशी कराडला निघून गेल्या. धुरी गेली ते बरं झालं. पण दूध पाजलं की बाळाला खांद्यावर टाकून, पाठीवर थापटत घरभर फिरणारं माणूसही गेलं.

तर त्या रात्री गंधार थेंबांची बाटली घेऊन वळला आणि फोन वाजला. मेहुणा विलास होता. म्हणाला, आई गेली. संध्याकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

समोर पतंगांचं दुकान, दुसऱ्या दिवशी संक्रांत, त्यामुळे गर्दी. त्या गर्दीत गंधार बाटली धरून उभा राहिला. सासूला फोन करून माफी मागायची असं तो रोज ठरवायचा आणि रोज लाजेने टाळायचा. आता मागणार कोणाकडे?

त्याने विलासला गळ घातली, तनयाला सकाळी मी सांगतो, तू फोन करू नको. धक्क्याने अंगावरचं दूध आटतं म्हणतात ना. पण मला तो म्हणाला, "काका, दुधाचं नुसतं निमित्त. तू आईशी शेवटचं काय बोललास, असं तिने विचारलं असतं तर?"

घरी आल्यावर तनयाने विचारलंच, आई फोन का उचलत नाही. हा म्हणाला, झोपल्या असतील.

मध्यरात्र उलटल्यावर तनयाने दूध पाजलं आणि बाळ त्याच्या हातात दिलं.

"उभं धर हं. लगेच ठेवू नको."

ती आत जाऊन झोपली. पाळणा हॉलमध्ये, शेजारी याचा दिवाण. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याने बाळ ठेवलं… लगेच. घुर्र घुर्र सुरू झालं. मग त्याने कानात इअरफोन घातले. ऐकताय ना? बापाने, पोटच्या पोराच्या श्वासाला कान बंद केले.

जाग आली तेव्हा इअरफोन निसटून उशीवर पडलेले.

सगळं शांत.

घुर्र नाही. काहीच नाही.

त्याला कळलं. पण पाय हलेनात.

आणि मग… थप. थप. थप.

हॉलच्या त्या टोकाला. अंधारात. कोणीतरी चालत होतं.

पाळण्यापासून बाल्कनीपर्यंत. परत. थप. थप.

ठसका लागला. ओकारी आली. मग एक ढेकर… आणि पुन्हा, घुर्र घुर्र.

बाळ श्वास घेत होतं.

पावलं दिवाणापाशी आली. थांबली.

त्याने डोळे मिटून घेतले. 'आई, चुकलो,' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. ती थांबलेलीच… मग पावलं निघून गेली.

त्याने दिवा लावला. बाळ पाळण्यात, पाठीवर, गाढ झोपलेलं. तोंड स्वच्छ पुसलेलं. त्याच्याकडे बघायचीही आपल्याला लाज वाटली, म्हणाला.

उजाडल्यावर तनया बाहेर आली आणि फरशीकडे बघत राहिली. फाटलेल्या दुधाचे सुकलेले थेंब, पाळण्यापासून बाल्कनीपर्यंत आणि परत, ओळीने. तिने इतक्या मायेने गंधारकडे पाहिलं.

"एवढा फिरलास? थांब, आईला सांगते. ती म्हणत होती तुला जमायचं नाही."

तिने फोन उचलला. गंधारने तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. आईचं. विलासच्या फोनची बातमी लपवल्याचं. इअरफोनचंही.

ती रडली नाही. आधी तिने त्याच्या शर्टाचे खांदे चाचपले. दोन्ही कोरडे. मग बाळ पाळण्यात झोपलंय हे बघून ती वाकून थेंबांच्या मागे निघाली. एक ओळ दाराकडे गेली होती.

दाराला आतून कडी.

तिने कडी काढली.

बाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक थेंब. ओला.

खालच्या पायरीवर… आणखी एक.