चमचा दोनदा वाजला

नर्सबाई यायच्या होत्या त्या दिवशी आजोबा सकाळपासून एकाच खुर्चीला धरून बसले होते. खुर्चीवर नव्हे, खुर्चीपुढे. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या माणसाच्या नशिबी खुर्चीवर बसणं कमी आणि तिच्यापुढे बसणंच जास्त. शेजारी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, मांडीला लाकडी चौकट टेकवलेली, आणि बोटं आपली चालू. बाहेर धुकं असं दाटलं होतं की समोरच्या घराचं दारसुद्धा दिसेना. दुपारचे तीनच वाजले होते, पण घरात दिवा लावावा लागला होता. ओल्या वेताचा वास आणि बाळाच्या धुतलेल्या दुपट्यांचा वास, दोन्ही एकमेकांत मिसळून गेले होते.

घरात माणसं चार. आजोबा, त्यांचा मुलगा, सून, आणि दहा दिवसांची नात. जिना चढून वर एक खोली होती खरी, पण तिथे मोडक्या खुर्च्यांखेरीज कोणी राहत नव्हतं.

आजोबांना खोकला होता. दोन महिने झाले असतील.

"बाबा, विणताना तुम्ही गाता की खोकता, हेच मला कळत नाही," सून पाळण्याची दोरी ओढत म्हणायची.

"गळा एकच दिलाय देवानं. त्यातून जे येईल ते ऐकून घ्यायचं," आजोबा म्हणायचे. "वेताची धूळ आहे गं. जाईल."

धूळ असती तर रात्री सदरा घामानं भिजला नसता, हे आजोबांना कळत होतं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण स्वतःचा कमरपट्टा वाचता येत होता. त्याची दोन भोकं महिन्याभरात आत गेली होती. तिसरं भोक त्यांनी दार लावून घेऊन, वेताच्या आरीनं स्वतःच पाडलं होतं. कोणाला सांगायचं आणि कशाला? सांगितलं की पहिली गोष्ट काय होणार, ते त्यांना पाठ होतं. वरच्या खोलीतल्या खुर्च्या खाली येणार, आणि आजोबा वर जाणार. मग नात रडली तरी जिन्याच्या टोकावरून ऐकायची.

नर्सबाई आल्या त्या दाराशी पाय पुसतच आत शिरल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बडबड्या. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या खांद्यावर वजनाचा काटा.

"धुक्यात घरच सापडेना. ते बरं, त्या वरच्या बाईंनी हात केला."

मुलगा हसला. "वर कोणी नाही हो. शेजारच्या घरातलं असेल कोणीतरी."

"असेल बाई," म्हणत त्यांनी बाळाला काट्यावर ठेवलं. बाळानं घर डोक्यावर घेतलं. "रड, रड. वजन केलेलं आम्हा बायकांना कधीच आवडत नाही."

सून हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांच्या हातातली पट्टी अर्ध्यातच थांबली होती.

वजन झालं, कागद निघाला. बाईंनी चष्मा चढवला. "आता ऐका. टीबीची लस काही देशांत जन्मतःच देतात, पण आपल्या या देशात सरसकट सगळ्या बाळांना देत नाहीत. घर बघून ठरवतात, गरज आहे का ते. म्हणून विचारते, आणि खरं तेच सांगायचं. घरात कोणाला टीबी आहे?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"पूर्वी होता कोणाला?"

"नाही."

"खूप दिवसांचा खोकला, ताप, वजन उतरणं? येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाला?"

मुलानं सहज वडिलांकडे पाहिलं. "बाबा खोकतात, पण ती वेताची धूळ. हो ना बाबा?"

आणि आजोबांनी मान हलवली. हो म्हणून.

मान हलली आणि त्याच क्षणी वरून आवाज आला. हलका. चिनी मातीच्या कपावर चमचा मारावा तसा.

टिण... टिण.

कोणी वर बघितलं नाही. सून बाळाला गुंडाळत होती, मुलगा बाईंच्या कागदात डोकावत होता. आजोबांना मात्र मानेवरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. तो आवाज ते ओळखत होते. चौसष्ट वर्षांनी ऐकला, तरी ओळखत होते.

तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि वरच्या खोलीत ताई होती. एकोणीस वर्षांची, तोंडावर सदा रुमाल. तिचं ताट घेऊन जायचं काम यांचं. आठव्या पायरीवर ताट ठेवायचं आणि खाली यायचं. पण पोरगंच ते, रेंगाळायचं. मग ताई दाराआडून कपावर चमचा दोनदा वाजवायची. टिण टिण. म्हणजे मागे सर. तो चार पायऱ्या खाली उतरला की मगच दार उघडायचं. बोलायला लागली तर खोकला येई, म्हणून तिनं हा चमचा काढला होता. कधी वैताग नाही, कधी ओरडणं नाही. मागे सर बाळा, एवढंच त्या चमच्यात असायचं.

तेव्हाही अशाच एक बाई आल्या होत्या, वही घेऊन. पाळण्यात तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ होता, दोन महिन्यांचा. "घरात कोणी आजारी आहे का रे?" बाईंनी यांनाच विचारलं, कारण लहान मूल खोटं बोलत नाही. आईनं मागून दंडाला चिमटा घेतला. लोकांना कळलं तर वडिलांचं काम जाईल, घर सोडावं लागेल, हे आईनं आदल्या रात्रीच पढवून ठेवलं होतं.

"ताई मावशीकडे गेलीय," ते म्हणाले होते.

बाईंनी वही मिटली. पाळण्यातल्या बाळाला काहीच न देता त्या पुढच्या घरी गेल्या. वर ताईनं सगळं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी चमचा वाजलाच नाही. ती हिवाळ्यात गेली. तिचा कप आईनं अंगणात दगडानं ठेचला आणि तुकडे पुरले. उन्हाळ्यात पाळणाही रिकामा झाला.

"बरं मग," नर्सबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "लसीची गरज दिसत नाही. इथे तशी खूण करते."

आजोबा उठले. कशाला उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाळण्याजवळ जाऊन उभे राहिले. नातीची मूठ दुपट्यातून बाहेर आली होती, तांदळाच्या कणीएवढी नखं. ती आत घालावी म्हणून ते वाकले...

टिण... टिण.

ते सरळ झाले. आवाज थांबला. एक पाऊल पुढे टाकलं...

टिण टिण. टिण टिण. टिण टिण.

असा भरभर तो पूर्वी कधी वाजला नव्हता. जणू वरच्या माणसाचा धीर सुटत चालला होता.

"बाई," आजोबा म्हणाले. "खूण नका करू."

"का हो, आजोबा?"

"धूळ नाही ती." त्यांनी सदरा वर केला आणि कमरपट्टा दाखवला. तिसरं भोक, कडा अजून पांढऱ्या. "दोन महिने झाले. रात्री घाम येतो. परवा रुमालावर... लाल होतं थोडं. आणि आधीही होता आमच्या घरात. माझी बहीण त्यानंच गेली, याच घरात, वरच्या खोलीत. विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. तेव्हाही मीच."

मुलगा बघतच राहिला. "बाबा... तुमची बहीण? तुम्हाला बहीण होती?"

सुनेनं पाळणा पटकन स्वतःकडे ओढला. लगेच तिलाच कसंसं झालं असावं. "बाबा, तसं नाही हो..."

"तसंच पाहिजे," आजोबा म्हणाले, आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरले.

नर्सबाईंनी टोपण पेनाला लावलं. रागावल्या नाहीत. पिशवीतून मास्क काढून एक आजोबांना दिला, एक स्वतः लावला आणि खिडकी उघडली. धुकं आत आलं.

"बरं केलंत बोललात. आज लस नाहीच द्यायची आता. आधी तुमची थुंकी तपासायची आणि छातीचा फोटो काढायचा. बाळाला उद्याच डॉक्टर बघतील. बहुतेक तिला काही महिने औषध देतील, तपासतील, आणि मग लस. क्रम डॉक्टर ठरवतील. मुलाची-सुनेचीही तपासणी होईल."

"आणि मला... वर ठेवतील?"

"थोडे दिवस वेगळं झोपायचं, खिडकी उघडी ठेवून. मग गोळ्या लागू पडल्या की या खाली. सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही. आता कोणी कोणाला कोंडून ठेवत नाही, आजोबा."

जाताना दारात त्या थांबल्या, धुक्यातून वर बघत. "पण तुमच्या शेजारच्या त्या बाई भल्या आहेत हं. पायऱ्या ओल्या होत्या ना, मला हातानं सारखं खुणावत होत्या. मागे व्हा, मागे व्हा." आणि त्यांनी तळहात पुढे करून तो दोनदा ढकलल्यासारखा हलवून दाखवला.

पुढचं सगळं बाईंनी सांगितलं तसंच झालं. आजोबांच्या थुंकीत जंतू निघाले. मुलगा आणि सून तपासणीत स्वच्छ. बाळाला पातळ औषध, रोज सकाळी, थू थू करत. आजोबा वरच्या खोलीत झोपले. सून ताट घेऊन थेट दारापर्यंत यायची, मास्क लावून, आणि बाहेरून ओरडायची, "गाणं ऐकू येत नाही हल्ली, बाबा!" खरंच खोकला उतरत होता. खोलीत त्यांना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त कधीकधी सकाळी जाग आली की वाटायचं, उशाशी कोणीतरी रात्रभर बसून आत्ताच उठून गेलंय.

डॉक्टरांनी मोकळं केलं त्या दिवशी ते खाली उतरले. आठव्या पायरीवर थांबले. कान दिला. मग पाळण्याशी गेले आणि वाकले. घर शांत होतं. नातीला उचलून छातीशी धरलं, तरी शांत. आजोबा तिथेच उभ्या उभ्या रडले, आणि सुनेनं काही न विचारता त्यांच्या खांद्यावर दुपटं टाकलं.

औषध संपलं, बाळाची तपासणी चांगली आली, आणि तिला लस मिळाली. महिना सव्वा महिना झाल्यावर दंडावरचा फोड बघायला नर्सबाई पुन्हा घरी आल्या. तशाच बडबडत, पाय पुसत. थोड्या उतरल्यासारख्या दिसत होत्या, पण घरोघर पायपीट करणाऱ्या बाईला ते कोण विचारतं?

"छान सुकतोय. असाच सुकायला हवा," म्हणत त्या पाळण्यावर वाकल्या. "काय गं ठमाबाई, ओळखलंस का मला?"

टिण... टिण.

आजोबांच्या हातातून वेताची पट्टी सुटली. पण या वेळी आवाज त्यांनी एकट्यानंच ऐकला नव्हता. बाई वाकल्या होत्या तशाच थांबल्या.

"वर कोण आहे हो?"

आजोबांना बाईंचं मनगट दिसत होतं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, आणि त्याच्याही आत एक नवं भोक पाडलेलं होतं. कडा अजून पांढऱ्या.

"बाई," आजोबा हळूच म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्हाला कोणी विचारतं का?"

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. मग मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. नजर पाळण्यावरच ठेवून त्या मागे सरल्या. एक पाऊल. अजून एक. वर टिण टिण चालूच होतं.

भिंतीला पाठ लागली, तेव्हा कुठे वरचा चमचा थांबला.