सकाळी साडेसातचं कुलूप

“अहो, माझीच साइट आहे! आणि मलाच आत घेत नाहीये!”

नौपाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात सुमेधा फोनवर इतकी तावातावाने बोलत होती, की दुकानदाराने चार कागद उलटे छापले. पलीकडच्या कस्टमर केअरने तिला तिसऱ्यांदा होल्डवर टाकलं.

“पाचदा पासवर्ड चुकवलात का?” मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. उंच, किडकिडीत... आणि डोळ्यांत हसू. आगाऊ आहे, तिने ठरवून टाकलं. पण डोळे बरे आहेत.

“एकदाही नाही. तोंडपाठ आहे मला!”

“घरच्या वायफायवरून बघितलं असेल. आता इथे मोबाइलच्या नेटवरून बघा.”

तिने पाहिलं, आणि साइट मुकाट्याने उघडली.

“म्हणजे राग तुमच्यावर नाही, तुमच्या घरावर आहे,” तो म्हणाला. “साइटवर सिक्युरिटी प्लगिन असतं ना, ते राखणदारासारखं. पाच चुका झाल्या की त्याला वाटतं चोर आला. मग अख्ख्या घराचं नेट बाहेर.”

त्याचं नाव शौनक. राहायला शहाडला, नोकरी घोडबंदर रोडला, आणि कामही अशाच साइट सांभाळायचं. त्याने उभ्या उभ्या कुलूप काढून दिलं.

साइट खरं तर आप्पांची, सुमेधाच्या वडिलांची. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक ते. ठाण्यातल्या एकेका झाडावर तिथे लिहायचे. पण गेल्या आठवड्यात ते एकाएकी म्हणाले होते, “बंद करून टाक ती साइट. झालं माझं.” तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि सुमेधाचा जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी साइटला पुन्हा कुलूप. तिसऱ्या दिवशीही. कुलूप काढायला दोन मिनिटं लागत, पण फोन मात्र अर्धा-अर्धा तास चालायचे... आता त्याला कोण काय करणार!

“नोंदी बघितल्या मी,” शुक्रवारी शौनक म्हणाला. “रोज सकाळी साडेसातला पाच चुका. तुमच्याच घरातून.”

“घरात मी आणि आप्पा. चोर कुठून आणू?”

“रविवारी येतो पकडायला. चहा मिळेल?”

“चोर सापडला तर!”

रविवारी सात वाजता तो दारात हजर. सुमेधाने इस्त्रीचा कुर्ता घातला होता, आणि तो सहज हाताला लागला असं तिने स्वतःलाच बजावलं होतं. दोघं लॅपटॉपसमोर बसली. खांद्याला खांदा लागला, कुणीच सरकलं नाही.

साडेसात. पहिली चूक उमटली. दुसरी... आतल्या खोलीत टक्, टक् आवाज येत होता.

सुमेधा धावत आत गेली. आंघोळ करून आप्पा जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पुन्हा पुन्हा एंटर दाबत होते. शेजारी वही. तीत आजची तारीख, सुमेधाचा जन्मदिवस, तिच्या आईचं नाव आणि खाली वीस झाडांची यादी. मागच्या प्रत्येक पानावर तेच.

“आप्पा, हे काय?”

“परीक्षा घेतो स्वतःची.” आप्पांनी मान वर केली नाही. “पासवर्ड चुकला असं रोज येतंय गं स्क्रीनवर. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं असंच विसरण्यापासून सुरू झालं होतं. शेवटी मलाही ओळखेना तो.”

सुमेधाला रडू आवरेना. शौनक मात्र आप्पांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

“आप्पा, हे ठिपके तुम्ही टाइप केलेत?”

“नाही. ते आपोआप येतात.”

“तो जुना पासवर्ड आहे. हिने दसऱ्याला पूजा करून नवा ठेवला, पण तुमच्या कॉम्प्युटरने जुनाच जपून ठेवलाय. तुम्ही नुसतं एंटर दाबताय. नवा कुठला, सांगा बघू?”

वहीकडे न बघता आप्पा म्हणाले, “बकुळ, कांचन, मग दोनशे चौऱ्याहत्तर.”

“बरोबर!” सुमेधा ओरडलीच. “आप्पा, तुम्ही काही विसरला नाहीत!”

शौनकने जुना पासवर्ड पुसला, आपल्या मोबाइलच्या नेटवरून कुलूप काढलं आणि घरचं नेट ओळखीच्या यादीत टाकलं. मग तो बाजूला झाला. आप्पांनी एका बोटाने एकेक अक्षर टाइप केलं.

“उघडलं गं!” आणि त्यांनी पंच्याने डोळे पुसले.

शौनक निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली.

“तुझे उपकार कसे फेडू मी?” तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

“उपकार कसले! उलट मीच घाबरलेलो. दुरुस्त झालं म्हणजे आता तुझा फोन यायचा नाही...”

“शौनक,” तिने त्याचा हात धरला, “आभार म्हणून सांगत नाहीये हं. मला तू आवडतोस.”

“मला पण... खूप,” एवढंच तो बोलका माणूस कसंबसं म्हणाला.

आत आप्पांनी लिहायला सुरुवात केली होती. एका बोटाने, थांबत थांबत, पण थांबले की पुन्हा पुढे. दोघं दारातच उभं राहून तो आवाज ऐकत राहिली, आणि सुमेधाने त्याचा हात सोडला नाही.