लिफ्ट बंद पडली तर

औषधांच्या त्या गोदामात दोघं एकाच सकाळी येऊन थडकले, ही चूक गोदामाच्या प्रमुख बाईंची. दोन्ही कंपन्यांना त्यांनी नऊची वेळ दिली होती, आणि ते लक्षात आल्यावरही त्यांना त्याचं विशेष काही वाटलं नाही.

"मापं तर दोघांना तीच घ्यायची आहेत," बाई म्हणाल्या. "घ्या की मिळून."

ती स्वयंचलित साठवणीची यंत्रणा विकणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. तोही तेच काम करायचा, फक्त समोरच्या कंपनीत. दोघांच्याही यंत्रणेत खोकी आणायला शटल होत्या, म्हणजे रॅकमधल्या रुळांवरून धावणाऱ्या चपट्या गाड्या. तिच्याकडे रॅकच्या प्रत्येक मजल्याला वेगळी शटल होती आणि रांगेच्या टोकाला एक लिफ्ट. सगळा माल त्या लिफ्टनं झपाट्यानं खाली यायचा. त्याच्या शटल मोजक्याच, पण त्या स्वतःच कुठल्याही मजल्यावर चढायच्या. सावकाश.

"सावकाश म्हणजे किती?" तिनं विचारलं. त्याच्या टेपचं टोक तिच्या हातात होतं.

"तुम्हाला कशाला सांगू?"

"नका सांगू. आमच्या ऑफिसात तुमच्या शटलला गोगलगाय म्हणतात."

"आणि आमच्याकडे तुमच्या लिफ्टला..." तो थांबला. "जाऊ दे. अजून नीट ओळख झाली नाही आपली."

हसू दाबण्याच्या नादात तिनं आकडा चुकीचा लिहिला. त्याला तो वहीत दिसला असावा. त्यानं टेप पुन्हा ताणली आणि या वेळी आकडा जरा मोठ्यानं वाचला.

पुढच्या तीन आठवड्यांत बाईंनी त्यांना चारदा बोलावलं. केबिनबाहेरच्या बाकावर ती आली की तो बॅग उचलून मांडीवर घ्यायचा. मग दोघं पुठ्ठ्याच्या वासात बसून राहायचे, आणि बोलायचे ते लिफ्ट नि रुळांबद्दलच.

"समोरच्या कंपनीतला आज जेवताना तुझ्या बोलण्यात तिसऱ्यांदा आला," तिची ताई एकदा म्हणाली.

"स्पर्धक आहे तो, ताई."

"मी कुठं काय म्हटलं?"

हे काम मिळणं तिला गरजेचं होतं. वर्षभरात दोन कामं हातची गेली होती. तिसरंही गेलं तर दुरुस्ती विभागात बसावं लागेल, असं साहेबांनी शांतपणे सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या बैठकीला बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि आधी तिच्याकडे वळल्या.

"लिफ्ट बंद पडली तर?"

याचं उत्तर तिला पाठ होतं. सहसा पडत नाही — आणि ते खोटंही नव्हतं. पण काचेपलीकडे एक कामगार रुग्णालयांची खोकी गाडीत चढवत होता, ड्रायव्हर घड्याळ बघत उभा होता. ती थोडा वेळ तिकडे बघत राहिली.

"ती अख्खी रांग बंद," ती म्हणाली. "दुरुस्त होईपर्यंत एक खोकं बाहेर येणार नाही. दोन तास लागतील... किंवा दिवसही जाईल."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आणि तुमचं?" बाईंनी त्याला विचारलं. "साथीच्या दिवसांत आमची मागणी तिप्पट होते."

"नाही निभणार," तो म्हणाला. "लिहून दिल्यात त्याहून चार शटल जास्त लागतील. किंमत वाढेल. मी हे इथं बोललो, ते आमच्या साहेबांना आवडणार नाही."

बाईंनी त्याची यंत्रणा निवडली, चार शटल वाढवून. उशीर चालेल, थांबणं चालणार नाही, एवढंच त्यांनी तिला फोनवर सांगितलं. तिला ते पटलं. पटलं तरी लागायचं ते लागलंच. पुढच्या सोमवारी तिची खुर्ची दुरुस्ती विभागात गेली.

महिन्याभरानं त्याचा फोन आला.

"अभिनंदन मी तेव्हाच पाठवलं होतं," ती म्हणाली.

"मिळालं. मला भेटायचंय. कामाशिवाय."

"कामाशिवाय आपण काय बोलणार?"

"तेच बघायचंय."

ते एका कॉफीच्या दुकानात भेटले. आणि खरंच, पहिली दहा मिनिटं बोलायला काही सुचेना. तिनं साखरेच्या पुड्या सरळ लावल्या. त्यानं एक उचलली, परत ठेवली.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वगैरे नाही. तुम्ही लिफ्टबद्दल खरं बोललात ना... तेव्हापासून."

"म्हणजे मी हरले तेव्हापासून."

"हो."

त्यानं शब्द फिरवला नाही, हे तिला बरं वाटलं. ती बाहेर बघत राहिली. समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्ध्यावर ओढून सोडलं होतं. तो कप बाजूला सारून उठायला लागला.

"निघतो मी. तुम्हाला अवघडल्यासारखं—"

"कॉफी संपव आधी," ती म्हणाली. "मला घाई नाही."

तो बसला. कप उचलला, एक घोट घेतला, आणि कप तसाच हातात राहिला.

"आत्ता तुम्ही मला..."

"हो," ती म्हणाली. "बरोबर ऐकलंस."